तळटिपांचं बिऱ्हाड

‘मेंडलीत तीनशे निकाल भरून ठेवलेत, आता सगळे झोटेरो चांगलं म्हणतात. हलवू का?’ ‘एंडनोटची चाचणीची मुदत संपली, माझ्या तळटिपांचं काय होणार?’ ‘सॉफ्टवेअर टाकलं, पण ते निकालाचं वर्षच चुकीचं छापतं.’ कायद्यात एलएल.एम. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांच्या तोंडी हेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांतला सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न मात्र वेगळाच असतो: ‘हे लागतंच कशाला? वर्डमध्ये हाताने लिहिलं तर काय बिघडलं?’

आधी या प्रश्नाचा निकाल लावू

वीस पानांचा एखादाच शोधनिबंध लिहायचा असेल, तर काही बिघडत नाही. हाताने लिहा. सॉफ्टवेअर शिकण्यात आठवडा जाईल आणि वाचेल एक संध्याकाळ.

प्रबंधाची गोष्ट वेगळी. समजा, वेळापूरची एक विद्यार्थिनी पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ या कायद्यावर प्रबंध लिहिते आहे. विषय घरचा आहे. पंढरपूर तीसेक किलोमीटरवर, आणि आषाढीला ज्ञानोबांची पालखी वेळापुरात मुक्कामालाच असते. सामग्री मात्र चहूकडे पांगलेली. मूळ अधिनियम राजपत्रात, त्यामागचा नाडकर्णी आयोगाचा अहवाल कुठल्यातरी ग्रंथालयाच्या कपाटात, बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांवर जानेवारी २०१४ मध्ये लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल संकेतस्थळावर, शासन निर्णय मराठीत, रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ मराठीत आणि त्याचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला अनुवाद इंग्रजीत. तळटिपा सहज चारशेच्या घरात जातात.

मग गाइड म्हणतात, ‘तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या.’ झालं! ‘सुप्रा नोट ४७’ आता सत्तेचाळीस उरत नाही. ‘इबिड’ भलत्याच निकालाच्या खाली जाऊन बसतो. संदर्भ-सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. तळटीप पुढेमागे हलली, की इबिड आणि आधीच्या टिपेचा क्रमांक ते स्वतः दुरुस्त करतं. बाकीच्या सोयी चांगल्याच, पण त्यांच्यासाठी कुणी रात्र जागवत नाही.

निवड नावावरून करू नका

सीनियरने अमुक वापरलं म्हणून तेच घेणं, ही नेहमीची चूक. सीनियर समाजशास्त्राचा असेल तर जास्तच. विज्ञान आणि समाजशास्त्रातल्यांना लेख, लेखक, वर्ष एवढं पुरतं. कायद्याला निकाल लागतो, आणि निकालाला लेखकच नसतो. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी या चार गोष्टी पाहा:

- तुमचं विद्यापीठ किंवा नियतकालिक कोणती संदर्भपद्धत मागतं? इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची, ब्लूबुकची, की ऑक्सफर्डची ऑस्कोला? नियमावली बहुधा पद्धत सांगते, सॉफ्टवेअर सांगत नाही. त्या पद्धतीची तयार स्टाईल सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते आधी शोधा.
- निकाल, अधिनियम, विधेयक यांचे वेगळे नोंदप्रकार आहेत का?
- इंटरनेट नसताना काम चालतं का?
- भरलेलं सगळं, पीडीएफ आणि टिपणांसकट, बाहेर काढता येतं का?

चौथ्या मुद्द्याकडे लोकांचं लक्ष जातं ते अडकल्यावर. खरं तर तो पहिला हवा.

कोण कोण आहे बाजारात

झोटेरो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात २००६ मध्ये जन्मलं. मोफत आणि मुक्तस्रोत. नोंदी तुमच्याच संगणकावर राहतात, त्यामुळे गावात नेट गेलं तरी काम थांबत नाही. निकाल, अधिनियम, विधेयक यांना वेगळे नोंदप्रकार आहेत. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, पीडीएफसाठी मात्र ३०० एमबी मोफत. स्कॅन केलेले दोन-तीन जाड अहवाल टाकले, की तेवढी जागा संपते.

मेंडली. २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. मोफत जागा दोन जीबी. २०१८ मध्ये कंपनीने संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध केला. कारण सुरक्षेचं सांगितलं, पण त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो थेट वाचता येईनासा झाला. सप्टेंबर २०२२ पासून जुनी डेस्कटॉप आवृत्ती नव्याने उतरवून घेणंही बंद झालं, आणि त्याआधी मोबाइलचं अ‍ॅप काढून घेतलं होतं. नवी आवृत्ती क्लाउडवर बेतलेली आहे. वापरायला सोपी आहे, यात वाद नाही. कायद्याच्या कामाला ती तोकडी पडते, यातही नाही.

एंडनोट. क्लॅरिव्हेटचं, परवाना विकत घ्यावा लागतो. दणकट आहे आणि स्टाईल हवी तशी बदलता येते. संस्थेचा परवाना असेल तर जरूर वापरा, पण पदवी मिळाल्यावर तो परवाना तुमच्याकडे राहणार का, हे ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारा.

ज्युरिस-एम. याचं नाव इकडे फारसं ऐकू येत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरून ते बेतलं, तेही खास दोन कारणांसाठी: कायद्याचे संदर्भ आणि एकाहून जास्त भाषा. एकाच नोंदीत मूळ शीर्षक, त्याचं लिप्यंतर आणि अनुवाद ठेवता येतो. मराठी आणि इंग्रजीत एकदम काम करणाऱ्याला हे पाहून हेवाच वाटेल. अडचण अशी, की ते झोटेरोच्या जुन्या आवृत्तीवर उभं आहे आणि झोटेरोच्या वेगाने पुढे सरकलेलं नाही. पाच वर्षांच्या पीएच.डी.चा भार त्यावर टाकण्याआधी दोनदा विचार करा.

सायटावी मुख्यतः विंडोजवाल्यांसाठी आहे. जॅबरेफ लेटेक वापरणाऱ्यांसाठी, आणि आपल्याकडे कायद्याचा प्रबंध लेटेकमध्ये लिहिणारा विरळाच.

या लेखाचा कौल स्पष्ट सांगायचा तर: नव्याने सुरुवात करत असाल तर झोटेरो घ्या. संस्थेचा एंडनोट चालू असेल आणि अर्धा प्रबंध त्यात झाला असेल, तर कुणीही काहीही सांगो, हलू नका.

वकिलांना रस वाटेल असा एक किस्सा. झोटेरोने एंडनोटच्या स्टाईल-फाइली वाचायची सोय केली, तेव्हा एंडनोटची त्या वेळची मालक थॉमसन रॉयटर्स हिने २००८ मध्ये थेट जॉर्ज मेसन विद्यापीठावर व्हर्जिनियात दावा ठोकला आणि एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. २००९ मध्ये तो दावा निकालात निघाला, विद्यापीठावर काही लागलं नाही. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे सांगणाऱ्या फाइलीवरून कोर्टकचेरी होते, यावरून ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून कंपन्या कुठवर जातात ते दिसतं.

एक निकाल भरून पाहू

सॉफ्टवेअरची परीक्षा जाहिरातीत होत नाही, रकान्यांत होते. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेच्या हक्काचा मुंबईचा गाजलेला निकाल घ्या: ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन. निकालाची तारीख १० जुलै १९८५. एससीसी या रिपोर्टरमध्ये, म्हणजे निकालसंग्रहात, तो (१९८५) ३ एससीसी ५४५ असा आहे. एआयआरमध्ये मात्र एआयआर १९८६ एससी १८०. निकाल एकच, वर्षं दोन. एआयआरच्या १९८६ च्या खंडात तो छापला गेला, म्हणून.

आता झोटेरोत ‘केस’ हा नोंदप्रकार उघडा. नाव, न्यायालय, रिपोर्टर, खंड, पहिलं पान, निकालाची तारीख असे रकाने आहेत. रिपोर्टरच्या वर्षासाठी वेगळा रकाना नाही. स्टाईल वर्ष उचलते ते निकालाच्या तारखेतून. तुम्ही एआयआर लिहिलं, पान १८० भरलं आणि तारीख इमानेइतबारे १० जुलै १९८५ टाकली, तर तळटिपेत येईल एआयआर १९८५ एससी १८०. हा संदर्भ चुकीचा आहे. त्या पानावर ओल्गा टेलिस सापडणार नाही, आणि परीक्षकाने तपासलं तर पंचाईत.

यावर उपाय असे:

- सबंध प्रबंधात एकच रिपोर्टर मुख्य धरा. एससीसी धरला तर अशी वर्षाची चुकामूक कमी होते.
- एआयआरच हवा असेल, तर तारखेच्या रकान्यात रिपोर्टरचं वर्ष टाका आणि खरी तारीख ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात किंवा टिपणात लिहून ठेवा. शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण तळटीप बरोबर येते.
- दोन्ही संदर्भ शेजारी शेजारी द्यायचे असतील, तर दुसरा हाताने जोडावा लागेल. तळटीप घालताना उघडणाऱ्या चौकटीत ‘सफिक्स’ नावाची जागा असते, तिथे तो लिहा. थेट वर्डमध्ये टंकलात, तर पुढच्या ‘रिफ्रेश’मध्ये तो उडण्याची शक्यता असते.
- ‘शॉर्ट टायटल’ भरायला विसरू नका. दुसऱ्यांदा उल्लेख आला की ‘ओल्गा टेलिस’ एवढंच यावं. केशवानंद भारतींचं पूर्ण नाव प्रत्येक तळटिपेत आलं तर पान त्यांच्याच नावे होईल.
- भारतीय निकालांत पानापेक्षा परिच्छेद क्रमांक महत्त्वाचा. त्याच चौकटीत ‘पेज’ऐवजी ‘पॅराग्राफ’ निवडता येतं. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, आणि ते परिच्छेद ३२ चा आकडा ‘पेज’मध्येच भरून मोकळे होतात.

२०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ संदर्भक्रमांक सुरू केला: वर्ष, मग ‘आयएनएससी’ ही अक्षरं आणि अनुक्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात शाखा किंवा खंडपीठही दिसतं, म्हणजे अपील शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा. सोलापूर जिल्ह्यातली प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत, त्यामुळे स्थानिक निकाल गोळा करताना कोणत्या पीठाचा निकाल आहे, हे नोंदीत लिहाच. या क्रमांकासाठी सॉफ्टवेअरात स्वतःचा रकाना नाही. ‘डॉकेट नंबर’ वापरा किंवा ‘एक्स्ट्रा’, पण एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

संकेतस्थळावरून एका टिचकीत नोंद घेण्याची सोय मोहक असते. इंडियन कानून किंवा न्यायालयाच्या पानावर ती वापरल्यावर आत काय आलं, ते लगेच उघडून पाहा. निकाल ‘वेबपेज’ म्हणून शिरला असेल, तर नोंदप्रकार तिथल्या तिथे बदला. दोनशे वेबपेज साठल्यावर ते करायला बसलात, तर दिवाळीची सुट्टी गेली म्हणून समजा.

अधिनियमांची नावं बदलतात

पंढरपूर मंदिरे अधिनियम नावाने १९७३ चा आहे, पण त्याचा क्रमांक १९७४ चा महाराष्ट्र अधिनियम ९ असा आहे. नावातलं वर्ष आणि क्रमांकातलं वर्ष वेगळं असू शकतं. दोन्ही नोंदवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच वाटेल की एक चूक आहे, आणि तुम्ही बरोबर असलेलं ‘दुरुस्त’ कराल.

दुसरा सापळा खास आपल्याकडचा. बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स अ‍ॅक्ट, १९५० आता महाराष्ट्र पब्लिक ट्रस्ट्स अ‍ॅक्ट झाला आहे, आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या नावातलंही ‘बॉम्बे’ गेलं. २०१२ च्या दुरुस्ती कायद्याने अशा बऱ्याच अधिनियमांची नावं एकदम बदलली. माळशिरस तालुक्यातल्या साखर कारखान्यांच्या जमिनी आणि खंडकरी शेतकरी यांवर कुणी काम करत असेल, तर जुन्या निकालांत एक नाव आणि नव्या निकालांत दुसरं भेटणार. सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळे कायदे समजेल. नोंद एकच ठेवा, आजच्या नावाने, आणि जुनं नाव टिपणात. जुन्या निकालातलं अवतरण देताना मात्र तिथे छापलेलं नाव बदलू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्याचं असं नाही. भारतीय दंड संहिता आणि न्याय संहिता हे दोन वेगळे कायदे आहेत, त्यांच्या नोंदीही दोन हव्यात.

मराठी मजकूर

इथे सॉफ्टवेअर थोडं गोंधळतं, आणि थोडा गोंधळ आपण घालतो.

आपला गोंधळ फाँटचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली जुनी फाइल असेल, तर तिच्यातलं शीर्षक चिकटवलंत की नोंदीत इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडच हवं. शासन निर्णयांच्या पीडीएफमधून मजकूर उचलतानाही जोडाक्षरं तुटतात. शीर्षक दोन मिनिटं घालवून स्वतः टंकावं हे उत्तम. निर्णयावरचा विभाग, क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक, चारही गोष्टी नोंदवा. संकेतस्थळाचा पत्ता उद्या बदलेल, संकेतांकावरून निर्णय पुन्हा शोधता येतो.

सॉफ्टवेअरचा गोंधळ लिपीचा. ‘ढेरे, रामचंद्र चिंतामण’ देवनागरीत आणि तेच ढेरे रोमन लिपीत, हे त्याच्या लेखी दोन वेगळे गृहस्थ. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ चं, अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०११ मध्ये काढला. या दोन स्वतंत्र नोंदी करा आणि ‘रिलेटेड’मधून एकमेकींना जोडा. अनुवादकाचं नाव लेखकाच्या रकान्यात घालू नका, त्याला वेगळी भूमिका निवडता येते. संदर्भसूचीत देवनागरी नोंदी रोमन नोंदींच्या मागे जाऊन बसतात, आणि मराठी पुस्तकालाही इंग्रजी प्रबंधात ‘एडिटेड बाय’च लागतं, कारण एका दस्तऐवजाला एकच भाषा ठरवता येते. सबंध प्रबंध इंग्रजीत असेल तर लिप्यंतर करून रोमनमध्ये भरणं आणि मूळ देवनागरी शीर्षक टिपणात ठेवणं, हा मार्ग त्यातल्या त्यात कमी त्रासाचा. गाइडला आधी विचारून घ्या.

संदर्भसूचीबद्दल आणखी एक. कायद्याच्या प्रबंधात निकाल, अधिनियम, पुस्तकं, लेख अशा वेगवेगळ्या याद्या मागतात. झोटेरो वर्डमध्ये एकच सलग यादी देतं. प्रत्येक प्रकाराचं वेगळं ‘कलेक्शन’ करा आणि अगदी शेवटी प्रत्येक कलेक्शनची यादी स्वतंत्रपणे काढून चिकटवा.

बिऱ्हाड हलवायचं ठरलंच तर

पहिली गोष्ट वेळेची. प्रबंध सादर करायला तीन-चार महिने उरले असतील, तर हलवू नका. कितीही वैताग आला तरी.

दुसरी गोष्ट लोक उलटी समजतात. नोंदींचं गाठोडं हलवणं सोपं आहे. अवघड आहे ते वर्डच्या फाइलीत पेरलेल्या जिवंत तळटिपांचं. त्या जुन्या सॉफ्टवेअरशी दोरीने बांधलेल्या असतात. गाठोडं उचललं म्हणून दोरी सुटत नाही. म्हणून दोन्हींचा विचार वेगवेगळा करा.

नोंदी हलवताना हा क्रम धरा:

१. जुन्यात सगळं सिंक झालंय याची खात्री करा, पीडीएफसकट. मेंडलीतून झोटेरोत जाताना झोटेरो मेंडलीच्या क्लाउडमधून माल उचलतं. जे वर चढलंच नाही ते येणार नाही.

२. आधी दहाच नोंदी नेऊन पाहा. एक एससीसीतला निकाल, एक नुसता तटस्थ क्रमांकाचा, एक केंद्रीय आणि एक राज्याचा अधिनियम, एक शासन निर्णय, एक आयोगाचा अहवाल, एक मराठी पुस्तक, एक अनुवाद, एक लेख, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण. काय गळलं, ते कागदावर लिहा.

३. थेट आयातीची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर आरआयएस या स्वरूपातली फाइल काढा. त्यात निकाल आणि अधिनियम यांना स्वतःचे प्रकार आहेत. बिबटेक टाळा, मूळ बिबटेकमध्ये न्यायालयीन निकाल हा प्रकारच नाही, तुमचा निकाल ‘इतर’ होऊन बाहेर पडतो. आरआयएसमधून फोल्डरांची रचना साधारणपणे येत नाही, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक नोंदीला टॅग लावून ठेवा.

४. सगळं आणल्यावर मोजा. तिकडे ४१२ होत्या, इकडे ४१२ आल्या का? पीडीएफ उघडतात का? त्यावरच्या पिवळ्या खुणा आल्या का?

५. मग दुहेरी नोंदी एकत्र करा. घाईने सगळ्यांवर एकदम ‘मर्ज’ दाबू नका. त्याच पक्षकारांचे अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल दिसायला सारखे असतात.

६. जुनं खातं सहा महिने तरी बंद करू नका.

पालखीच्या दिवसांत वेळापुरात उतरणाऱ्या दिंड्यांच्या ट्रकमध्ये वळकटीवर नाव घालायची रीत आहे, ती इथेही उपयोगी. प्रत्येक पीडीएफला नाव द्या: पक्षकार, वर्ष, न्यायालय. ‘जजमेंट फायनल २’ या नावाची वळकटी कुणाची, हे मालकालाही सांगता येत नाही.

आता वर्डची फाइल. तिची आधी प्रत काढा, मूळ फाइल बाजूला ठेवा. मेंडलीच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीने घातलेल्या तळटिपा झोटेरो ओळखू शकतं. नव्या ‘मेंडली साइट’ने घातलेल्या ओळखत नाही. एंडनोटच्या तर नाहीच. त्या पुन्हा एकेक घालाव्या लागतात. चारशे तळटिपा पुन्हा घालण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग असा: पूर्ण झालेली प्रकरणं जुन्या सॉफ्टवेअरमध्येच संपवा, नवी प्रकरणं नव्यात लिहा, आणि दोन्ही एकत्र करताना जुन्या तळटिपा साध्या मजकुरात बदलून घ्या. सुप्रा क्रमांक तेवढे हाताने तपासावे लागतील. एक दिवस जाईल, महिना नाही.

इथे हमखास पाय घसरतो

झोटेरोचं माहितीचं फोल्डर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका. सुरक्षित राहील म्हणून बरेच जण ठेवतात, आणि नेमकं त्यानेच डेटाबेस बिघडतो. सिंकसाठी झोटेरोचं स्वतःचं खातं वापरा. बॅकअपसाठी प्रोग्रॅम बंद करून सबंध फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सोलापूरच्या ग्रंथालयातल्या संगणकावर काम करून शंभरेक किलोमीटर परत येणाऱ्याने तर निघण्याआधी सिंकचं वर्तुळ फिरायचं थांबलंय, हे पाहूनच उठावं.

दुसरा धोका नवा आहे. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध अ‍ॅव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड भरला. आपल्याकडेही बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ मधला एक आदेश अशाच निकालांपायी मागे घ्यावा लागला. संदर्भ-सॉफ्टवेअर खरा-खोटा निकाल ओळखत नाही. खोट्याचीही तळटीप ते तितकीच सुबक करून देतं. म्हणून मूळ निकालाची पीडीएफ जोडलेली नसेल, ती नोंद तळटिपेत घालायची नाही, असा नियमच करा. सर्वोच्च न्यायालयाच्या रिपोर्ट्सचे निकाल जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट आहेत, तेव्हा सबब उरत नाही.

तुमचे हक्क, आणि त्यांची हद्द

निकालाची पीडीएफ साठवताना अनेकजण बिचकतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार न्यायालयाचा निकाल पुन्हा छापणं हे उल्लंघन नाही, त्या न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर. मात्र ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, (२००८) १ एससीसी १, या निकालाने रेघ ओढून दिली: मूळ निकाल सगळ्यांचा, पण प्रकाशकाने कौशल्याने घातलेल्या हेडनोट, परिच्छेदांची मांडणी आणि टिपा त्याच्या. त्यामुळे स्वतःच्या संशोधनासाठी एससीसीची प्रत ठेवणं वेगळं, आणि तीच प्रत सॉफ्टवेअरच्या सामायिक गटात टाकून वर्गभर वाटणं वेगळं. गटात ई-एससीआरची किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळाची प्रत टाका. गटातल्या फाइलींची जागा गट काढणाऱ्याच्या खात्यातून जाते, हेही लक्षात असू द्या.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीचा धसका कायद्यावाल्यांना जास्त, कारण त्यांना कलमं शब्दशः द्यावीच लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य मोजताना संदर्भसूची, योग्य श्रेय दिलेली अवतरणं आणि कायदे वगळायचे असतात, आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. अहवालात कलम ५२ चा मजकूर लाल होऊन आला, तर घाबरून कलम स्वतःच्या शब्दांत लिहायला बसू नका. तपासणीत या गोष्टी वगळल्या होत्या का, असं विभागाकडे लेखी विचारा.

प्रबंध सादर करायच्या दिवशी एक शेवटचं काम उरतं. जिवंत तळटिपा असलेली फाइल तशीच ठेवा, तिची प्रत काढा, आणि प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा. छपाईला आणि विद्यापीठाला ती प्रत जाते. मूळ फाइल तुमच्याकडेच राहते, कारण तोंडी परीक्षेनंतर दुरुस्त्या सांगतात, आणि त्यांत बऱ्याचदा ‘दुसरं प्रकरण पुन्हा पहिल्या जागी न्या’ हेही असतं.